फायबरच्या बोटीवरचे ओरखडे आणि गेलेली चमक: काय घासायचं, काय भरायचं, काय सोडून द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पैठणजवळ नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, मासेमारी करणाऱ्या एका संस्थेची सोळा फुटी फायबरची बोट आहे, पांढरी, कडेला निळा पट्टा. यंदा पाणी मागे सरलं तेव्हा बोट धरणाच्या पिचिंगच्या, म्हणजे बांधावर रचलेल्या, दगडांना घासली. एका बाजूला लांब ओरखडे उठले, नाकावरचा टवका उडाला आणि आतले धागे दिसायला लागले. शिवाय सगळी बोट खडू फासल्यासारखी पांढुरकी झालीय, निळा पट्टा तर पार आकाशी पडलाय. गावातला पेंटर म्हणतो, लांबी (पुट्टी) भरून वरून ऑइलपेंट मारून देतो. त्याला काम द्यावं का? घरच्या घरी काही करता येईल का? आणि बोट किती दिवस अडून राहील?

पेंटरला सध्या थांबवा. लांबी आणि ऑइलपेंट बोटीवर एखादा हंगाम टिकतात. लांबीत टाल्कची पूड असते, ती पाणी पिते, फुगते आणि पापुद्रा होऊन सुटते. मग मूळ दुरुस्तीच्या आधी ते सगळं खरवडण्यातच दोन दिवस जातात. तुमच्या बोटीचं बहुतेक काम हाताने होण्यासारखं आहे. नाकावरचं तेवढं जरा सवयीच्या माणसाकडून करून घेतलेलं बरं.

आधी तुम्ही नेमकं काय घासणार आहात ते पाहू. फायबरच्या बोटीचा बाहेरचा रंग हा वरून मारलेला रंग नसतो. साच्यात सगळ्यात आधी रंग मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन मारतात, त्याला जेलकोट म्हणतात. तो जरा घट्ट झाला की त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर चढतात. बोट साच्यातून निघते तेव्हा जेलकोट बाहेर येतो आणि साच्याची चकाकी घेऊन येतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. बस, एवढंच भांडवल. पितळेच्या भांड्याची कल्हई जशी दर घासणीला थोडी थोडी जाते तसंच इथे आहे. फरक एवढाच की दारावर येऊन पुन्हा जेलकोट चढवून देणारा कल्हईवाला नसतो. म्हणून माझा सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती फिरतो: कमीत कमी घासून काम कसं भागेल. मशीन हातात आलं की माणसाला चमक दिसते, थर किती गेला ते दिसत नाही.

आता ओरखड्यांची जात ओळखा. बोट धुऊन कोरडी करा आणि ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरवरचा आहे. मग त्यावर पाणी फिरवा. ओल्यात ओरखडा दिसेनासा झाला तर तो पॉलिशने जाणार हे नक्की समजा. नख अडकतंय पण खाचेच्या तळाला पांढराच रंग दिसतोय, म्हणजे अजून जेलकोट शिल्लक आहे. खाच उथळ असेल तर घासून निघेल, खोल असेल तर भरावी लागेल. तळाला हिरवट-पिवळट, अर्धपारदर्शक काही दिसलं किंवा धागे दिसले तर जेलकोट संपून आतलं फायबर उघडं पडलंय. ते मात्र लांबणीवर टाकू नका, कारण उघड्या धाग्यांच्या कडेकडेने पाणी आत शिरतं.

चमक गेल्याची परीक्षा त्याहून सोपी. काळ्या कपड्याने पट्टा पुसा. कपड्यावर पूड आली तर उन्हाने वरचा थर जळून त्याचा खडू झालाय. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. निळा, लाल असे गडद रंग आधी उडतात, पांढरा मागाहून.

धुण्यात घाई करू नका, कारण निम्मा मळ धुण्यानेच जातो आणि मळासकट घासलं तर वाळूचे कण नवे ओरखडे पाडतात. भांडी घासायचं पातळ साबण आणि मऊ स्पंज पुरे. आपल्याकडे दोन डाग हमखास असतात. एक म्हणजे बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके. बोट बोअरच्या पाण्याने धुतात, उन्हातच वाळू देतात आणि मग चुन्याचे गोल डाग बसतात. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून कपड्याने लावा, पाच मिनिटं थांबा, धुऊन टाका. दुसरा डाग पाण्याच्या रेषेवरचा चहासारखा तपकिरी पट्टा, शेवाळ आणि गाळाचा. त्याला ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं, गंजाचे ओघळही त्यानेच जातात. हातमोजे घाला, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. टॉयलेट साफ करायचं ॲसिड मात्र बोटीला लावू नका. नट-बोल्ट खाऊन टाकतं आणि जेलकोटही निस्तेज करतं.

आणि हे सगळं काठावर नको. बोट ट्रॉलीवर घेऊन गावात आणा. जायकवाडीचं पाणी संभाजीनगर आणि जालन्याच्या नळाला जातं. ॲसिड, ॲसिटोन आणि फायबरची पूड त्यात सोडायची वस्तू नाही.

चमक परत आणण्याचं काम ओरखडे भरण्याच्या आधी करा. याचं कारण रंग जुळवण्यात आहे, ते पुढे येईलच. सुरुवात नेहमी सगळ्यात सौम्य मार्गाने. वीतभर चौकोनाला मास्किंग टेप लावा आणि हाताने बारीक पॉलिश लावून बघा. चमक आली तर संपूर्ण बोटीला तेवढंच करा, पुढे जाऊ नका. नाही आली तर रबिंग कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जरा भरड घासणारी पेस्ट. त्यानेही नाही आली तरच वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा कागद; नंबर जितका लहान तितका तो खरखरीत. माणसं उलट्या टोकाने सुरू करतात, पहिल्याच दिवशी ४०० नंबर हातात घेतात आणि मग त्या ४०० चे ओरखडे काढता काढता जेलकोट संपवतात.

तुमच्या वर्णनावरून निळ्या पट्ट्याला पेपर लागेल, पांढऱ्याला बहुधा फक्त कंपाउंड. पट्ट्यासाठी १००० नंबरचा वॉटर पेपर घ्या. पेपर अर्धा तास पाण्यात भिजवा, रबरी ब्लॉकवर गुंडाळा, बादलीत साबणाचा एक थेंब टाका. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघांएवढे पन्हळ पडतात आणि ते चमक आल्यावरच दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. घासायच्या आधी पेन्सिलीने त्या भागावर हलक्या आडव्या-उभ्या रेघा मारा. रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की तिथे थांबायचं. पाणी सुरुवातीला दुधाळ निळं येईल, ती जळालेली पूड आहे. नंतर पाण्याचा रंग गडद, खरा निळा दिसायला लागतो. म्हणजे तुम्ही ताज्या थरापर्यंत पोहोचलात. इथे हात आखडता घ्या. मग १५०० आणि २०००, दर वेळी घासायची दिशा बदला म्हणजे आधीच्या नंबरच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. कोपरे, कडा आणि उंचवटे यांच्यावर पेपर जवळजवळ नकोच. तिथे जेलकोट मुळातच पातळ बसलेला असतो आणि आधी तिथेच फायबर डोकावतं. मी कडांना आधीच टेप लावून ठेवतो आणि सगळ्यात शेवटी हाताने दोन-चार हात फिरवतो.

मग कंपाउंड. इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण गावोगावी हे बघतो: चार इंची ग्राइंडरला लोकरीचा बफ लावून पॉलिश करू नका. तो ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतो. एका जागी क्षणभर थांबला तरी जेलकोट जळून पिवळा पडतो. वेग कमी-जास्त होणारं पॉलिशर भाड्याने आणा आणि हजार ते दीड हजार फेऱ्यांवर ठेवा. कंपाउंड बफला नाही, बोटीला चार ठिपके लावा, मशीन बंद ठेवून बफने पसरवा आणि मग चालू करा. दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा एका वेळी. मशीन सतत हलतं ठेवा. दर थोड्या वेळाने उलटा तळहात लावून पाहा. कोमट ठीक, चटका बसला तर थांबा. काम सावलीत करा. उन्हात तापलेल्या बोटीवर कंपाउंड लावल्याबरोबर वाळतं आणि बफ ते ओढत नेतो. मार्च ते जूनमध्ये सकाळी दहाच्या आत जेवढं होईल तेवढंच.

कंपाउंड कारच्या दुकानातलं चालतं, पण त्यात सिलिकॉन नाही ना ते विचारून घ्या. डॅशबोर्ड चमकवायचे स्प्रे तर बोटीच्या आसपासही नकोत. सिलिकॉनचा अंश राहिला की नंतर भरलेला जेलकोट तिथे चिकटत नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. झटपट चमक देणारे द्रव तेल लावल्यासारखं दिसतं म्हणून लोकांना आवडतात. पंधरा दिवसांत धूळ धरतात.

माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोरांचा ठरलेला प्रश्न असतो, "दादा, चमकायलंय की आता, अजून किती घासायचं?" त्यांचं बरोबर असतं. चमकायलंय म्हणजे झालं. एखादी बारीक रेघ तिरक्या उजेडात अजून दिसते म्हणून तिच्यामागे लागायचं नाही. ती रेघ काढायला तिच्या खोलीएवढा थर आजूबाजूचाही काढावा लागतो. मासे धरायच्या बोटीला आरशाचं काय काम?

आता लांब ओरखडे, जे नखाला अडकतात. ते आहेत तसेच भरायचे नाहीत. अरुंद खाचेत जेलकोट तळापर्यंत जात नाही, आत हवा राहते आणि वाळल्यावर बारीक छिद्रांची रांग दिसते. खाच आधी उघडी करावी लागते. जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्रिकोणी घासून घ्या किंवा पत्र्याचा खुरप्यासारखा छोटा तुकडा करा. ते खाचेतून ओढत न्या म्हणजे उलट्या डोंगरासारखा, वर रुंद खाली निमुळता चर तयार होतो. जेलकोट ठिसूळ असतो, ओढताना कडेचे कपचे उडतात. उडू द्या, जे सुटं होतं ते आत्ताच निघालेलं बरं. चराच्या कडा ८० नंबरच्या पेपरने जरा खडबडीत करा, ब्रशने पूड काढा, स्वच्छ कपड्यावर ॲसिटोन घेऊन एकाच दिशेने पुसा. थिनर नको, त्यातले काही तेलकट अंश मागे ठेवतात. दोन्ही बाजूंना चरापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून टेप लावा.

रंग जुळवणं हे या सगळ्या कामातलं खरं कसब आहे आणि तिथेच बहुतेक दुरुस्त्या उठून दिसतात. पांढरा म्हणजे एकच पांढरा नसतो. सहा-सात वर्षांत तुमचा पांढरा पिवळसरपणाकडे झुकलेला असणार. म्हणून आधी पॉलिश करायला सांगितलं: खडू उडालेल्या बोटीशी रंग जुळवला तर पॉलिशनंतर डाग वेगळा पडतो, आणि बसण्याच्या फळीखालच्या, ऊन न लागलेल्या भागाशी जुळवला तर तो नव्या बोटीचा रंग असतो, आजच्या बोटीचा नाही. पॉलिश झालेल्या बाजूशीच जुळवा. पांढऱ्या जेलकोटमध्ये पिवळ्या आणि काळ्या पिगमेंट पेस्टचा आगपेटीच्या काडीच्या टोकावर येईल एवढाच अंश घाला, ढवळा, बघा. काळ्याने पांढरा मळका होतो, पिवळ्याने उबदार. रंगाची पेस्ट एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, नाहीतर जेलकोट नीट कडक होत नाही. जुळला असं वाटलं की थोडा भाग वेगळा काढा, त्यात हार्डनर (जेलकोट कडक करणारं रसायन) टाकून टेपच्या तुकड्यावर पसरा, कडक होऊ द्या आणि मग तो तुकडा बोटीवर ठेवून सावलीत पाहा. ओला आणि वाळलेला रंग सारखा नसतो. निळ्यासाठी हीच कसरत दुपटीने करावी लागेल. घाई असेल तर निळ्या पट्ट्यातले ओरखडे भरा आणि वरून स्टिकरची पट्टी चिकटवा, कुणी हसणार नाही.

हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड). प्रमाण साधारण दीड ते दोन टक्के, म्हणजे शंभर ग्रॅम जेलकोटला दीड ते दोन मिली. मेडिकलमधून बिनसुईची दोन मिलीची सिरिंज आणा, झाकणाने मोजू नका. एकदम शंभर ग्रॅमही कालवू नका. ओरखड्यांना वीस-तीस ग्रॅम पुष्कळ. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा कपातला माल काही मिनिटांत गोळा होतो. त्यावर लोक उपाय काय करतात, हार्डनर अर्धा टक्का टाकतात. हा उपाय नाही. एक टक्क्याच्या खाली गेलं की जेलकोट वरून कडक वाटतो पण आतून कायम अर्धाकच्चा राहतो, तो लवकर पिवळा पडतो आणि पाणी पितो. प्रमाण तेच ठेवा, वेळ बदला: पहाटे साडेपाच-सहाला कालवा, डबा थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवा, थोडा थोडा माल घ्या. याच्या उलट डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते. पंधरा अंशांच्या खाली जेलकोट धरतच नाही, तेव्हा दुपारी अकरा ते तीन हीच वेळ. पावसाळ्यात ओल असलेल्या बोटीला हात लावू नका.

विकत घेताना दोन गोष्टी विचारा. एक, डब्यावरची तारीख. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढलेला जेलकोट डब्यातच दाट होतो, जुना डबा स्वस्तात मिळाला तरी नको. दोन, त्यात एक्सिलरेटर म्हणजे कडक होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट आधीच घातलंय की वेगळं घालायचंय. संभाजीनगरमध्ये वाळूज-चिकलठाण्याकडे फायबरचं काम चालतं, तिथे माल घेताना दुकानदार सांगेल. वेगळं घालायचं असेल तर आधी कोबाल्ट जेलकोटमध्ये पूर्ण ढवळायचं आणि त्यानंतरच हार्डनर टाकायचं. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. दोन्हींच्या बाटल्या शेजारी ठेवू नका, एकच सिरिंज दोन्हींना वापरू नका. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडायची नाही. चुकून गेलंच तर निदान पंधरा मिनिटं पाण्याची धार आणि लगेच दवाखाना.

भरताना माल चरात एका टोकाने सोडत जा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. जुन्या प्लास्टिक कार्डाने दाबून पसरवा आणि बाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर ठेवा, कारण वाळताना तो आक्रसतो. आता एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: जेलकोट हवेच्या संपर्कात वरून पूर्ण वाळत नाही, चिकट राहतो. साच्यात तो साच्याला टेकलेला असतो म्हणून तिथे प्रश्न येत नाही. आपल्याला हवा बंद करावी लागते. एक तर मेणाचं द्रावण डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात मिसळा, मेण वाळताना वर येऊन थर धरतं. किंवा भरल्यावर जाड, पारदर्शक प्लास्टिक शीट त्यावर टाका आणि कार्डाने सपाट दाबत हवेचे बुडबुडे काढा. ओरखड्यांसाठी मला शीटच आवडते. काढल्यावर पृष्ठभाग आधीच गुळगुळीत मिळतो, घासणं निम्म्यावर येतं. मेण घातलेल्या थरावर दुसरा थर द्यायचा तर आधी मेण घासून काढावं लागतं, नाहीतर वरचा थर सोलून निघतो.

टेप माल पूर्ण कडक व्हायच्या आधी, रबरासारखा असतानाच काढा. घासायला मात्र दुसऱ्या दिवशीच या. नखाने खूण पडत असेल तर अजून थांबा. वर राहिलेला उंचवटा आधी छोट्या लाकडी ब्लॉकवर ४०० नंबरने फक्त उंचवट्यापुरता घासा; दोन्ही बाजूंना टेप ठेवली तर बाजूचा जेलकोट वाचतो. बरोबरीला आलं की टेप काढून ६००, ८००, १००० असं वर सांगितलेल्या वाटेने जा.

नाकावरच्या टवक्याला जेलकोट भरून चालणार नाही. जेलकोटला स्वतःची ताकद नसते, जाड भरला तर तडकतो. आधी ठोकून पाहा: नाण्याने आजूबाजूला टकटक करा. खणखणीत आवाज म्हणजे थर घट्ट आहे, बद्द आवाज म्हणजे आतले थर सुटलेत. बद्द भाग सगळा घासून काढायचा, मग कडेला हळूहळू उतार द्यायचा. थर चार मिलिमीटर जाड असेल तर साधारण दोन इंचांचा उतार, जाडीच्या बारापट. त्यावर ३०० आणि ४५० ग्रॅमची (चौरस मीटरला एवढं वजन असलेली) मॅट, सगळ्यात मोठा तुकडा किंवा छोटा आधी यावर वाद आहेत, मी मोठा आधी घालतो. रेझिन ब्रशने टोचत टोचत बुडबुडे काढायचे, पातळीच्या थोडं खाली थांबायचं, वर जेलकोट. हे काम सवयीच्या हाताचं आहे. फायबरचं दुकान चालवणारा कुणीही कारागीर ते करून देईल, त्याने बोट कधी बांधलेली नसली तरी चालेल. पण एम-सील किंवा तत्सम इपॉक्सी भरून त्यावर जेलकोट लावतो म्हणाला तर नको म्हणा. इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. इपॉक्सीने भरायचंच असेल तर वरून रंग द्यावा, जेलकोट नाही.

ओरखडे तपासताना कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, विशेषतः कोपऱ्यांत किंवा इंजिन लावायच्या फळीजवळ, तर भरण्याआधी तो भाग दाबून पाहा. दबत असेल तर भेगांचं कारण आतला कमकुवतपणा आहे. आतून मॅटचा थर देऊन तो भाग ताठ केल्याशिवाय वरून भरलेली भेग पुन्हा तिथेच उमटते. आणि पाण्याखालच्या भागात फोड असतील, टोचल्यावर व्हिनेगरसारखा वास येणारं चिकट पाणी निघत असेल तर थरांत पाणी मुरलंय. हे गोड्या पाण्यात खाऱ्यापेक्षा जास्त होतं, त्यामुळे धरणातल्या बोटीला आपण समुद्रापासून लांब आहोत म्हणून सूट नाही. फोड उघडायचे, गोड्या पाण्याने वारंवार धुवायचे आणि बोट कित्येक आठवडे, कधी महिने कोरडी ठेवायची. ते वेगळं, मोठं काम आहे.

तळाचं काय? तळाच्या चमकेचा विचारही करू नका. ज्या खाचांत धागे दिसतात त्या भरून बंद करा, बाकीचे ओरखडे राहू द्या, ते परवा पुन्हा पडणारच आहेत. फेब्रुवारीनंतर पाणी उतरायला लागलं की नाथसागरात बेसाल्टचे दगड, धरणात गेलेल्या जुन्या वस्त्यांच्या भिंती, बाभळीची खोडं असं सगळं वर येतं. बोट काठाला ओढायच्या जागी जुने टायर अंथरा, दगडावरून ओढू नका. तळाच्या मधल्या कण्याला कारागिराकडून जाड एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) पट्टी बसवून घ्या. ती झिजली की बदलता येते. स्क्रूच्या भोकांत सीलंट भरायला सांगा, नाहीतर पट्टीनेच पाणी आत नेलं असं व्हायचं.

कधी कधी जेलकोटच उरलेला नसतो. पॉलिश करूनही रंग विरळ वाटतो, मागच्या मॅटचे धागे पुसटसे उमटलेले दिसतात, काही ठिकाणी राखाडी झाक येते. अशा बोटीला घासणं बंद करा. तिथे पेंटर चालेल, पण ऑइलपेंटचा नाही. ८०-१२० नंबरने खडबडीत करून इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग, तोही पाण्याच्या रेषेच्या वर. कायम पाण्यात असणाऱ्या भागाला हा रंग मानवत नाही, फोड येतात. तिथे इपॉक्सीच ठेवा. रंग ब्रश आणि रोलरने लावा. तो स्प्रे केला की त्यातले आयसोसायनेट हे घातक घटक फुप्फुसांत जातात आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही.

मास्कचं आलंच आहे तर: फायबर कोरडं घासताना चांगला धुळीचा मास्क, पूर्ण बाह्या, चष्मा. अंगाला पूड लागली तर चोळू नका, आधी थंड पाण्याने धुवा, मग साबण. गरम पाण्याने रंध्रं उघडतात आणि काच आत जाते असं जुने कारागीर सांगतात. कारण काहीही असो, खाज कमी येते हे खरं. कपात उरलेला माल कचऱ्यात टाकू नका, तो तापतो, धूर काढतो. जुन्या पत्र्यावर पातळ पसरून कडक होऊ द्या.

सगळं झालं की वॅक्स. घासलेल्या, पॉलिश केलेल्या जेलकोटवर वॅक्स लावलं नाही तर सगळी मेहनत दोन उन्हाळ्यांत पाण्यात. कार्नौबा वॅक्स असलेलं साधं पेस्ट वॅक्स घ्या, पातळ थर लावा, धुरकट झालं की सुती कपड्याने पुसा. आपल्याकडच्या उन्हात वर्षातून दोनदा तरी: होळीच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर. मधे बोट बांधून ठेवली असेल तर ताडपत्री टाका, पण जेलकोटला चिकटून नको. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली घाम सुटतो आणि ताडपत्री वाऱ्याने हलते तेव्हा खाली अडकलेली धूळ पेपरसारखी घासते. बांबूची दोन-तीन आडवी टेकणं देऊन ताडपत्री उचलून धरा, दोन्ही टोकांना वारा जायला जागा ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की बोट किती दिवस अडून राहील. धुणं-पॉलिश-वॅक्स दोन माणसांचं दोन-तीन सकाळचं काम आहे. ओरखडे भरणं त्याच आठवड्यात होतं, नाकाचं काम कारागिराच्या वेळेवर. भरलेला जेलकोट घासण्याजोगा दुसऱ्या दिवशी होतो, पण पूर्ण पक्का व्हायला वेळ घेतो. उन्हाळ्यात निदान तीन-चार दिवस आणि थंडीत आठवडाभर बोट पाण्यात सोडू नका. भरलेल्या जागी नख दाबून पाहा, ॲसिटोनचा बोळा एकदा फिरवा. पृष्ठभाग मऊ पडला किंवा रंग बोळ्यावर उतरला तर अजून कच्चं आहे, उन्हात एक-दोन दिवस ठेवा.